तुमच्या सर्व्हरवर पडून असलेल्या फायलींबद्दल: प्रोटिऑमिक्स प्रयोगशाळांच्या प्रमुखांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही, पण तुमच्या फायलींची आणि माझी रोज गाठ पडते. सार्वजनिक भांडारांत ठेवलेला मास स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राचा, कच्चा डेटा उतरवून घ्यायचा, तो नव्यानं तपासायचा आणि आजवर कुणाच्याच हाती न लागलेल्या मानवी प्रथिनांचा त्यात माग लागतो का ते पाहायचं, हे माझं काम. हे पत्र त्या कामातल्या एका अडलेल्या दिवसातून निघालं आहे, म्हणून आधी तेच सांगते.

काही वर्षांपूर्वीचा एक संच मी तपासत होते. त्यात ११ अमिनो आम्लांच्या एका पेप्टाइडचा, म्हणजे प्रथिनाच्या लहान तुकड्याचा, स्पेक्ट्रम (वस्तुमानांचा आलेख) समोर आला. दोन्ही टोकांकडून तुटलेल्या तुकड्यांची मालिका जवळपास पूर्ण होती. असा स्वच्छ स्पेक्ट्रम दिसला की हात थबकतो. ज्या प्रथिनाशी तो जुळत होता, त्याचं जनुक माहीत आहे, त्या जनुकाचा आरएनए, म्हणजे प्रथिन बनण्याआधी निघणारी जनुकाची नक्कल, काही ऊतींमध्ये मोजलेला आहे, पण ते प्रथिन मात्र कुणीही पाहिलेलं नाही. त्याच संचात त्याच प्रथिनाचं दुसरं एक पेप्टाइडही दिसलं. ते अंधूक होतं, त्याच्या बळावर दावा करता आला नसता. पुढची पायरी उघड होती: ज्या ऊतीतून हे आलं त्याच ऊतीचा आणखी नमुना घ्यायचा आणि नेमकं तेच शोधायचं.

पण ती ऊती कोणती? फायलींची नावं होती ‘नमुना ४’ आणि ‘नमुना ४ नवीन’. शोधनिबंधात ‘विविध ऊती’ एवढाच उल्लेख. मी पत्रव्यवहाराच्या पत्त्यावर लिहिलं, तो पत्ता बंद झालेला. ज्या विद्यार्थ्यानं प्रयोग केला तो केव्हाच दुसरीकडे गेलेला. बऱ्याच महिन्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं उत्तर आलं. ते सौजन्यानं लिहिलेलं होतं: त्या काळातली वही सापडत नाही, आणि उरलेले नमुने जागा बदलताना टाकून दिले. तेव्हापासून ते प्रथिन जिथं होतं तिथंच आहे, न दिसलेल्यांच्या यादीत.

त्या प्रयोगशाळेचं नाव मी सांगणार नाही. तो एकट्या त्यांचा दोष असता तर हे पत्र त्यांच्यापुरतंच लिहिलं असतं.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही असेही कुणी हे वाचतील, म्हणून थोडं मागे जाते. मानवी जनुकसंचाचा कच्चा आराखडा २००१ साली आला आणि प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. त्यातून कळलं की प्रथिन बनवण्याचा मजकूर असलेली जनुकं २० हजारांच्या आसपास आहेत. मजकूर आहे म्हणजे प्रथिन बनतंच असं मात्र नाही. ते प्रत्यक्ष पाहावं लागतं. माणसातल्या सगळ्या प्रथिनांच्या संचाला मानवी प्रोटिऑम म्हणतात. याच कामासाठी मानवी प्रोटिऑम संघटना, म्हणजे ह्युपो, हिनं २०१० मध्ये मानवी प्रोटिऑम प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक प्रथिनाच्या अस्तित्वाला किती भक्कम पुरावा आहे याच्या पाच पायऱ्या ठरल्या. पहिल्या पायरीवर प्रथिन स्वतः पाहिलेलं असतं. दुसरीवर फक्त त्याचा आरएनए पाहिलेला असतो. तिसरीवर दुसऱ्या सजीवातलं त्याच्यासारखं प्रथिन माहीत असतं, चौथीवर नुसतं संगणकाचं भाकीत असतं, आणि पाचवीवरच्यांचं जनुक तरी खरं आहे का याचीच शंका असते. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर अडकलेल्यांना ‘मिसिंग प्रोटीन्स’ म्हणतात. हरवलेली प्रथिनं, हा शब्द मला पटत नाही. हरवायला आधी जवळ असावं लागतं. मी त्यांना न दिसलेली प्रथिनं म्हणते.

२०१२ साली अशी प्रथिनं सुमारे साडेपाच हजार होती. २०२० मध्ये, प्रकल्पाला दहा वर्षं झाली तेव्हा, १९,७७३ पैकी १७,८७४ प्रथिनांना भक्कम पुरावा मिळालेला होता, म्हणजे ९०.४ टक्के, उरली होती १,८९९. २०२३ च्या हिशेबात १९,७७८ पैकी १८,३९७ दिसलेली आणि १,३८१ न दिसलेली. आकड्यांकडे नीट पाहिलं तर वेग मंदावलेला दिसतो. सोपी होती ती आधीच सापडली. आता जी उरली आहेत ती नुसतं नवं, महागडं यंत्र आणून सापडतील असं मला वाटत नाही, आणि माझं सगळं म्हणणं याच वाक्यावर उभं आहे.

ती का दिसत नाहीत हे तुम्हाला शिकवायचा माझा अधिकार नाही, तरीही मांडते. कारण उपाय कारणातच दडलेला आहे.

पहिली अडचण मात्रेची. डीएनए कमी असेल तर पीसीआरनं त्याच्या लाखो प्रती करता येतात. प्रथिनाच्या प्रती काढायची कोणतीही युक्ती आपल्याकडे नाही. जेवढं आहे तेवढ्यातच शोधावं लागतं. रक्तद्रवात अल्ब्युमिन एका मिलिलिटरमागे चाळीस मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तर इंटरल्यूकिन-६ सारखं प्रथिन निरोगी माणसात काही पिकोग्रॅम. दोघांत दहा अब्ज पटींचं अंतर. मोजक्या २०-२२ प्रथिनांनीच रक्तद्रवातल्या प्रथिनांचं ९९ टक्के वजन व्यापलेलं असतं, आणि त्यांच्या गोंगाटात बारीक आवाजाचं प्रथिन ऐकू येत नाही.

दुसरी अडचण आपण वापरतो त्या कात्रीची. जवळपास प्रत्येक प्रयोगशाळा यंत्रात घालण्याआधी प्रथिनं ट्रिप्सिन या विकरानं (एन्झाइमनं) कापते. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांनंतर कापतं. ही दोन आम्लं बेतानं पसरलेली असतील तर तुकडे यंत्राला सोयीच्या लांबीचे पडतात. पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाणारे ग्राही, म्हणजे बाहेरचे संदेश टिपणारी प्रथिनं, घ्या: पटलात बुडालेल्या भागात लायसिन-आर्जिनिन जवळजवळ नसतातच, त्यामुळे तुकडे लांबलचक आणि पाण्याला नकोसे. उलट बीटा-डिफेन्सिन ही जंतूंशी लढणारी प्रथिनं आधीच लहान, त्यात ही दोन आम्लं ठासून भरलेली. ट्रिप्सिननं त्यांचा चुरा होतो आणि चुऱ्यावरून मूळ प्रथिन ओळखता येत नाही. केसांमधली केराटिन-सहचर प्रथिनं तर तिन्ही बाजूंनी कठीण. त्यांची जनुकं शंभरच्या आसपास, एकमेकांची जुळी भावंडं वाटावीत अशी, आणि प्रथिनं केसात सल्फरच्या बंधांनी घट्ट जखडलेली. ग्लू-सी, एएसपी-एन, कायमोट्रिप्सिन अशा दुसऱ्या कात्र्या आहेत. त्या कपाटात असतात आणि बहुतेक कपाटातच राहतात, कारण रोजची कार्यपद्धती ट्रिप्सिनभोवती बसवलेली असते.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: ठिकाण आणि वेळ. जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकं सगळी असतात, प्रथिनं सगळी नसतात. काही प्रथिनं फक्त एकाच प्रकारच्या पेशीत बनतात, काही भ्रूणाच्या वाढीत काही दिवसांपुरतीच, काही फक्त संसर्ग झाल्यावर किंवा विशिष्ट ताण आल्यावर. आपण मात्र पुन्हा पुन्हा रक्त, यकृत आणि प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेल्या त्याच त्या कर्कपेशी तपासत राहतो. जिथं कुणी फारसं पाहत नव्हतं तिथं पाहिलं तेव्हा फळ मिळालं. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या गटांनी शुक्राणूंचा प्रोटिऑम खोलवर तपासला आणि न दिसलेल्या प्रथिनांची मोठी खेप हाती लागली. वृषणात इतर कुठेही न दिसणारी कितीतरी प्रथिनं बनतात, त्यामुळे ते समजण्यासारखं होतं. कॅनडाच्या गटानं तर काढून टाकलेल्या अक्कलदाढांच्या गाभ्यातली मऊ ऊती तपासली. दंतवैद्याकडे अक्कलदाढ हा टाकून द्यायचा ऐवज. त्यातही काही न दिसलेल्या प्रथिनांचे पुरावे मिळाले. अशा टाकून द्यायच्या गोष्टी किती ठिकाणी असतील याचा मी अनेकदा विचार करते. शस्त्रक्रियेत निघालेला एखादा तुकडा, डोळ्याच्या भिंगाचा अंश, आतल्या कानाच्या जवळची ऊती. यातलं काही ना काही तुमच्यापैकी कुणाच्या तरी उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये आज आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसंच आपलं चाललेलं नाही ना, ही माझी शंका आहे.

नमुन्यांइतकीच ही शंका डेटाबद्दलही आहे. सार्वजनिक भांडारांतल्या शेकडो संचांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या एका गटानं २०१६ साली लिहिलं होतं की एका प्रयोगात तपासलेल्या स्पेक्ट्रमपैकी सरासरी ७५ टक्के ओळखले जातच नाहीत. अल्गोरिदम तेव्हापासून पुष्कळ सुधारले आहेत, पण न ओळखलेल्यांचा ढीग अजूनही मोठा आहे. त्यातले बरेच स्पेक्ट्रम ओळखीच्याच प्रथिनांचे असतात, अनपेक्षित रासायनिक बदल झाल्यामुळे चेहरा पालटलेले. पण सगळे नव्हेत. तुमचा प्रश्न वेगळा होता, तुम्ही त्याचं उत्तर मिळवलं, निबंध छापून आला आणि फायली बाजूला ठेवल्या. माझा प्रश्न त्याच फायलींना आज विचारता येतो, आणि तीन वर्षांनी आणखी चांगल्या साधनानं पुन्हा विचारता येईल. अट एकच, फायली मिळाल्या पाहिजेत आणि त्या कशाच्या आहेत हे कळलं पाहिजे.

मिळण्याची सोय आता उत्तम आहे. प्रोटिओमएक्सचेंजच्या छत्राखाली युरोपातलं प्राइड, अमेरिकेतलं मॅसिव्ह, जपानचं जेपोस्ट, चीनचं आयप्रॉक्स अशी भांडारं एकमेकांशी जोडलेली आहेत. तिथं ठेवलेल्या प्रत्येक संचाला कायमचा क्रमांक मिळतो. सिॲटलच्या पेप्टाइडॲटलसमध्ये सगळ्यांचा कच्चा डेटा एकाच पद्धतीनं, एकाच काटेकोरपणानं पुन्हा तपासला जातो. एका प्रयोगशाळेत दिसलेलं एक पेप्टाइड आणि हजारो मैलांवरच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत दिसलेलं दुसरं पेप्टाइड इथं शेजारी येतात आणि मिळून एका प्रथिनाचा पुरावा होतात. दोघांपैकी कुणालाही आपण काय पाहिलंय हे एकट्यानं कळलं नसतं. माझ्या लेखी सहकार्य म्हणतात ते हेच. परिषदेतल्या सामूहिक छायाचित्रापेक्षा या शेजारात जास्त सहकार्य आहे.

कळण्याची सोयही आहे. कोणती फाइल कोणत्या नमुन्याची, ऊती कोणती, वय आणि लिंग काय, रोग कोणता, विकर कोणतं, यंत्र कोणतं, हे ठरावीक रकान्यांत लिहायचा एसडीआरएफ नावाचा नमुनातक्ता उपलब्ध आहे. प्रयोग चालू असताना तो भरायला एखादी दुपार लागते. पाच वर्षांनी तो कुणालाच भरता येत नाही. ‘नमुना ४’ ची गोष्ट वर सांगितलीच आहे.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. ते पुराव्याबद्दल आहे आणि सगळ्यांना आवडेलच असं नाही.

२०१४ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात मानवी प्रोटिऑमचे दोन आराखडे छापून आले. एक जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स यांच्या पुढाकारानं, दुसरा म्यूनिकच्या तंत्र विद्यापीठाच्या पुढाकारानं. पहिल्यात १७,२९४ जनुकांची प्रथिनं सापडल्याचं म्हटलं होतं, दुसऱ्यात १८,०९७. काम अफाट होतं. पहिल्या गटानं प्रौढ ऊती, भ्रूणाच्या ऊती आणि रक्तपेशी मिळून ३० प्रकारचे निरोगी नमुने तपासले, दुसऱ्यानं स्वतःच्या प्रयोगांबरोबरच जगभरचा उपलब्ध डेटा एकत्र आणला. आज आपण जिथं आहोत तिथं पोचवण्यात या दोन्ही कामांचा वाटा आहे, आणि दोन्ही गटांनी डेटा सर्वांसाठी खुला ठेवला हे मला आकड्यांहून मोठं वाटतं.

डेटा खुला होता म्हणूनच पुढची गोष्ट घडू शकली. माद्रिदच्या एका गटानं साधी चाचणी लावली. माणसात गंध ओळखणाऱ्या ग्राहींची जनुकं सुमारे ४०० आहेत आणि ती प्रथिनं मुख्यतः नाकाच्या आतल्या अस्तरात बनतात. या दोन्ही अभ्यासांत नाकाची ऊती तपासलेली नव्हती. तरीही दोन्हींत मिळून शंभरहून जास्त गंधग्राहींचे ‘पुरावे’ निघाले. स्पेक्ट्रम मुळातून पाहिले तेव्हा ते दावे टिकण्यासारखे नव्हते. यात कुणाची लबाडी नव्हती. कोट्यवधी स्पेक्ट्रमवर एक टक्का चूक चालवून घेतली, तर खरी प्रथिनं पुन्हा पुन्हा तीच सापडतात, पण चुका दर वेळी नव्या ठिकाणी पडतात. संच जितका मोठा, तितक्या या विखुरलेल्या चुका साठत जातात, आणि त्या साठतात नेमक्या तिथं, जिथं खरं काहीच सापडलेलं नसतं: न दिसलेल्या प्रथिनांवर.

म्हणून मानवी प्रोटिऑम प्रकल्पानं नियम कडक केले. नवं प्रथिन दिसलं असं म्हणायचं असेल तर निदान दोन पेप्टाइड्स हवीत. दोन्ही किमान नऊ अमिनो आम्लांची, एक दुसऱ्याच्या पोटात न सामावणारी, आणि फक्त त्याच एका प्रथिनाशी जुळणारी. जुळणी पाहताना माणसामाणसांतले जनुकीय फरकही मोजायचे. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वस्तुमान तंतोतंत एकच. नेहमीच्या स्पेक्ट्रममध्ये त्यांच्यात फरक करता येत नाही. ॲस्पॅराजिनमधला अमाइड गट निघून गेला की त्याचं ॲस्पार्टिक आम्ल होतं. अशा एखाद्या बदलामुळे भरपूर असलेल्या प्रथिनाचा तुकडा दुर्मिळ प्रथिनाचं सोंग घेतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा स्वतःचा असा एक शोध तीन आठवडे टिकला होता. पेप्टाइड सुरेख, गुणांक उत्तम. मग सामान्य लोकसंख्येत आढळणारे एका आम्लाचे फरक यादीत घालून पुन्हा शोध लावला, तर ते निघालं एका अगदी मुबलक प्रथिनाचं, एका व्यक्तीतल्या छोट्या फरकासकट. त्या दिवशी फार वाईट वाटलं. पण दावा करून बसल्यावर ते कळलं असतं तर अधिक वाईट झालं असतं.

एका पेप्टाइडवरून निबंधाचं शीर्षक ठरवणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं आहे, आणि ते अजूनही होतं. विनंती अशी की असं पेप्टाइड सापडलं तर ते दडवूही नका आणि त्याचा डंकाही पिटू नका. ‘उमेदवार’ म्हणून नोंदवा, स्पेक्ट्रम खुला ठेवा, त्याच क्रमाचं पेप्टाइड कृत्रिमरीत्या बनवून घ्या आणि दोन्हींचे स्पेक्ट्रम एकाखाली एक ठेवून पाहा. तुम्हाला दुसरं पेप्टाइड मिळालं नसेल, पण ते दुसऱ्या कुणाकडे असू शकतं.

मला येणारे आक्षेपही ठाऊक आहेत, कारण विचारलं की तेच ऐकायला मिळतात.

‘डेटा दिला तर आमच्या आधी दुसरंच कुणी निबंध छापेल.’ ही भीती खोटी नाही, विशेषतः लहान प्रयोगशाळांची. पण भांडारात ठेवलेला संच निबंध छापून येईपर्यंत बंद राहतो, फक्त परीक्षकांना तो पाहता येतो. आणि छापून झाल्यावर त्या संचाचा क्रमांक हाच तुमच्या कामाचा पहिला हक्क. ‘इतक्या चुका आहेत आमच्या यंत्रावरच्या धावांत, त्या लोकांना कशाला दाखवायच्या, हात दाखवून अवलक्षण.’ चुका मला नेहमी दिसतात, सगळ्यांच्याच संचांत. एखादी धाव मधेच थांबलेली, नमुन्यातले घटक वेगळे करणारा एखादा स्तंभ गळका. त्यावरून मी कुणाचं मोल करत नाही, आणि माझ्यासारखं काम करणारं कुणी करत असेल असं वाटत नाही.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला माझ्याकडे सरसकट उत्तर नाही: रुग्णांची गोपनीयता. पेप्टाइडमधूनही व्यक्तीचे जनुकीय फरक वाचता येतात, हे वर सांगितलेल्या माझ्याच चुकीवरून दिसतं. दुर्मिळ आजाराच्या नमुन्यात तर वय, लिंग आणि आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखू येऊ शकतो. अशा संचांसाठी नियंत्रित प्रवेशच हवा. पण त्यासाठी संमतिपत्र आधीपासून नीट लिहिलेलं असावं लागतं. नमुना पुढच्या संशोधनाला वापरता येईल का, डेटा कोणत्या अटींवर वाटता येईल, हे रुग्णाला नमुना घेतानाच विचारायला हवं. ज्यांनी आपल्या शरीराचा तुकडा दिला, त्यांतल्या अनेकांना तो फ्रीझरमध्ये विसरला जाण्यापेक्षा उपयोगी पडलेला आवडेल, असं मला वाटतं. त्यांना विचारलं तर पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी प्रकल्पाच्या रचनेबद्दल आहे. २०१२ पासून काम गुणसूत्रांप्रमाणे वाटलं गेलं: २४ प्रकारच्या गुणसूत्रांचे २४ गट आणि मायटोकॉन्ड्रियाचा पंचविसावा. गुणसूत्र १३ कोरियाकडे, १८ रशियाकडे, १६ स्पेनकडे, एक्स जपानकडे, वाय इराणकडे, मायटोकॉन्ड्रिया इटलीकडे. या वाटपानं फार मोठं काम केलं. प्रत्येक प्रथिनाला कुणीतरी पालक मिळाला, आणि ‘हे शोधणं कुणाची जबाबदारी’ या प्रश्नाला उत्तर मिळालं. २०१६ मध्ये प्रत्येक गटानं ५० न दिसलेली प्रथिनं शोधायची असं लक्ष्य ठरलं, तेही याच रचनेमुळे शक्य झालं. पण प्रथिनाला आपलं जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे हे ठाऊक नसतं. ते ऊतीत राहतं, पेशीत राहतं. गुणसूत्र १८ ची उरलेली प्रथिनं कदाचित गुणसूत्र ७ च्या गटाकडे असलेल्या नमुन्यात असतील. म्हणून पुढची वाटणी ऊतींप्रमाणे, पेशींच्या प्रकारांप्रमाणे आणि वाढीच्या टप्प्यांप्रमाणे व्हावी, आणि कोणती ऊती कुणाकडे आहे याची एक उघडी यादी असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आरएनएच्या मोजणीवरून कोणतं प्रथिन कुठं शोधावं याचा अंदाज आज बऱ्यापैकी बांधता येतो. एकेका पेशीतला आरएनए मोजण्याच्या पद्धतींनी तो अंदाज आणखी नेमका केला आहे. अंदाज एकीकडे आणि ऊती दुसरीकडे, अशी आज स्थिती आहे.

९३ टक्के झालं, मग उरलेल्यांसाठी एवढा आटापिटा कशाला, असं मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं होतं. उरलेली प्रथिनं बिनमहत्त्वाची म्हणून उरलेली नाहीत, आपली पद्धत त्यांना पकडायला अपुरी पडली म्हणून उरली आहेत. त्यांत पटलावरचे ग्राही बरेच आहेत, आणि आजच्या औषधांचा मोठा हिस्सा अशाच घराण्यातल्या ग्राहींवर काम करतो. एखाद्या जनुकातल्या दोषाचा आजाराशी संबंध दिसला आणि त्याचं प्रथिन कुणी पाहिलेलंच नसेल, तर ते कोणत्या पेशीत काम करतं हेही सांगता येत नाही, मग बिघाड कसा झाला ते सांगणं दूरच. शिवाय यातली काही प्रथिनं खरोखरच बनत नसतील, जनुक उरलं असेल पण वापरातून गेलं असेल. तेही ज्ञानच आहे. पण ‘नाही’ म्हणायला योग्य ठिकाणी, योग्य कात्रीनं, पुरेसं खोल शोधलं होतं हे दाखवावं लागतं. म्हणून तुमचे निष्फळ प्रयोगही मला हवे आहेत. दिसलेल्या प्रथिनांपैकीही बाराशेच्या आसपास अशी होती की ती काय करतात याचा पत्ता नव्हता. ‘प्रत्येक प्रथिनाचं कार्य’ हे प्रकल्पाचं पुढचं मोठं उद्दिष्ट त्यातूनच आलं. आणि यादी संपतानाच वाढतेही आहे: पेशीतले प्रथिन बनवणारे रायबोसोम आरएनएवर कुठं कुठं बसतात हे मोजणाऱ्या पद्धतींनी जनुकांच्या नेहमीच्या हद्दीबाहेर वाचले जाणारे ७,२६४ छोटे मजकूर २०२२ साली सूचिबद्ध झाले. त्यांतल्या किती मजकुरांची टिकाऊ प्रथिनं होतात, हा प्रश्न शेवटी तुमच्याच स्पेक्ट्रमना विचारावा लागणार आहे.

तुमच्याकडे मागणं मोठं नाही. एक जुनी डिस्क उघडा. ज्या विद्यार्थ्यानं किंवा विद्यार्थिनीनं तो प्रयोग केला, ती व्यक्ती अजून संपर्कात आहे तोवर तिच्याशी बसून तक्ता भरून घ्या, आणि संच भांडारात ठेवताना त्या व्यक्तीचं नाव त्यावर घाला. फ्रीझरमध्ये एखादी दुर्मिळ ऊती असेल तर ती टाकण्यापूर्वी एकदा विचारा. यंत्राला चार तास मोकळे मिळाले तर तोच नमुना एकदा दुसऱ्या विकरानं कापून पाहा.

११ अमिनो आम्लांच्या त्या पेप्टाइडचा स्पेक्ट्रम मी जपून ठेवला आहे. त्याला सार्वत्रिक ओळखक्रमांक आहे, कुणालाही तो उघडून पाहता येतो. त्याच क्रमाचं कृत्रिम पेप्टाइड मागवलं होतं, त्याचा स्पेक्ट्रम त्याच्याशी शिखरागणिक जुळला. दुसऱ्या पेप्टाइडसाठी यंत्रावरची लक्ष्यित पद्धतही तयार करून ठेवली आहे. आता फक्त ‘नमुना ४’ शरीरात कुठून घेतला होता एवढं कळायचं राहिलं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तुमच्या फायली वाचणारी एक विश्लेषक